तुझ्यासमोर मी उभा राहिलो तर

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. दिवाणी न्यायाधीश झालास, ऊर भरून आला. पण तुझ्या पत्रातला एक प्रश्न दोन दिवस डोक्यात घोळतोय: “सर, उद्या तुम्हीच वकील म्हणून माझ्यासमोर उभे राहिलात तर?”

त्यावरून मला अमेरिकेतला न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस आठवला. जन्म १८१५ चा, मेरीलँडचा. वकिलीसाठी इलिनॉयला आला आणि ब्लूमिंग्टनला स्थिरावला. १८४८ ते १८६२ तो तिथल्या आठव्या सर्किटचा, म्हणजे फिरत्या कोर्टाच्या विभागाचा, न्यायाधीश होता. वसंतात आणि शरदात त्याचं फिरतं कोर्ट गावोगाव चिखल तुडवत जायचं. वजन तीनशे पौंडांच्या वर, म्हणून त्याच्या बग्गीला दोन घोडे लागायचे. मागोमाग वकिलांचा तांडा, त्यात अब्राहम लिंकन. मुक्कामाला एकेका खाटेवर दोघे-दोघे वकील झोपायचे. रात्री डेव्हिसच्या खोलीत मैफल जमायची. एकदा लिंकनने अशिलाला अर्धी फी परत केली, तर डेव्हिस त्याच्यावर डाफरला, ‘असल्या फीने तू सगळ्या वकीलवर्गाला भिकेला लावशील.’ त्या रात्री लुटुपुटुच्या कोर्टात लिंकनवर खटला भरून त्याला दंडही ठोठावला.

आता दिवसाचं बघ. ज्युरीशिवाय डेव्हिसने स्वतः निकाल दिलेले लिंकनचे खटले ८७. त्यातले ४० लिंकन जिंकला, ४७ हरला. रात्री ज्याच्याशी हसायचं, त्याच्याविरुद्ध सकाळी निकाल द्यायचा, तोही सत्तेचाळीस वेळा. आणि तरी मैत्री तुटली नाही, हे मला फार मोठं वाटतं.

१८६० मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात लिंकनला राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळावी म्हणून हाच डेव्हिस झटला. १८६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या लिंकनने त्याला सर्वोच्च न्यायालयात नेमलं. एवढे उपकार! पण १८६६ मध्ये मिलिगनचा खटला आला. लिंकनच्याच कारकिर्दीत इंडियानातल्या या वकिलाला लष्करी आयोगाने फाशी सुनावली होती. डेव्हिसने निकालपत्रात स्पष्ट लिहिलं की, जिथे नेहमीची नागरी न्यायालयं उघडी आहेत तिथे लष्कराने नागरिकावर खटला चालवायचा नाही. त्याच काळात तो दिवंगत लिंकनच्या मालमत्तेची व्यवस्था बघत होता, म्हणजे माया आटलेली नव्हती.

पण १८७७ पाशी माझं मन खट्टू होतं. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा वाद मिटवायला १५ जणांचा आयोग नेमायचा होता. दोन्ही पक्षांचे सात-सात, आणि पंधरावा, कुणाच्याच पक्षाचा नसलेला, डेव्हिस असेल असं सगळे धरून चालले होते. तेवढ्यात इलिनॉयच्या विधिमंडळाने त्याला सिनेटवर निवडून दिलं आणि त्याने आयोगाला नकार दिला. त्याच्या जागी रिपब्लिकन पक्षाचे न्यायमूर्ती ब्रॅडली आले आणि आठ विरुद्ध सात मतांनी त्याच पक्षाचे उमेदवार हेज राष्ट्राध्यक्ष झाले. मार्चपर्यंत डेव्हिस न्यायमूर्तीच होता, बसू शकला असता. बसायला हवं होतं. ज्याच्यावर दोन्ही बाजूंचा भरवसा आहे, त्याने अंग काढून घेतलं की निकालावर कुणाचाच विश्वास उरत नाही.

तेव्हा मी तुझ्या कोर्टात आलो, तर पहिल्याच तारखेला दोन्ही पक्षांना सांग की तू माझा ज्युनिअर होतास. समोरच्याची हरकत असेल तर प्रकरण दुसरीकडे वर्ग करण्यासाठी जिल्हा न्यायाधीशांना कळव. हरकत नसेल तर मात्र संकोचापायी सोडू नकोस. ऐकून घे, आणि माझा मुद्दा लंगडा असेल तर फेटाळून लाव. मला दोन दिवस वाईट वाटेल. समजूत घालायला फोन करू नकोस. दिवाळीला घरी ये, तुझ्या काकू वाट बघतायत.

तुझा,
सर