संसदीय समितीची बैठक ऑनलाइन असेल तर कामकाजाचे नियम कोण ठरवतं? समितीचा अध्यक्षच ना?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या युवा संसदेसाठी समितीची ऑनलाइन बैठक बसवायची आहे आणि सरांनी सांगितलंय, "ऑनलाइनला वेगळे नियम नसतात, अध्यक्ष म्हणेल तसं." सरांना नमस्कार सांगा आणि ते वाक्य वहीतून खोडा. नेमक्या याच वाक्यावरून सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीत दोन वर्षं धुसफूस चालू आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पहिली गोष्ट, समिती भारतीय संसदेची असेल तर ती ऑनलाइन दाखवूच नका. २०२० च्या लॉकडाउनमध्ये शशी थरूर, आनंद शर्मा यांच्यासारख्या समिती-अध्यक्षांनी तशी मागणी केली होती. ती मान्य झाली नाही. अडचण इंटरनेटची नव्हती. लोकसभेच्या कार्यपद्धतीच्या नियमांत २६६ वा नियम म्हणतो की समितीची बैठक खासगीत होईल. २६७ वा म्हणतो की ती संसद भवनाच्या आवारात होईल आणि जागा बदलायची असेल तर निर्णय लोकसभा अध्यक्षांचा. २७५ व्या नियमाने साक्षीपुरावे आणि कामकाज गोपनीय. आता खासदार आपल्या घरातून बोलणार असेल तर त्याच्या खोलीत आणखी कोण बसलंय हे कोणी बघायचं? जुलै २०२० पासून समित्या पुन्हा भरल्या त्या प्रत्यक्षच. आणि समितीला पूरक नियम करायचे असतील तरी लोकसभा अध्यक्षांची मान्यता लागते. समितीचा अध्यक्ष एकटा काही ठरवत नाही.

ऑनलाइनच हवं असेल तर कॅनडा घ्या. तिथल्या हाउस ऑफ कॉमन्सने मार्च २०२० मध्ये आधी आरोग्य आणि अर्थ समितीला फोन किंवा व्हिडिओवर बैठक घ्यायची परवानगी दिली, मग ती बाकीच्यांना मिळत गेली, आणि १५ जून २०२३ ला दूरस्थ सहभाग कायमच्या नियमांत आला. म्हणजे परवानगी सभागृहाची. सभागृहाच्या आदेशात मोजके मुद्दे असायचे: पडद्यावरचा सदस्य गणपूर्तीत (कोरममध्ये) धरला जाईल, एकमताने किंवा मतमोजणी न मागता ठरलेला विषय सोडून प्रत्येक विषयावर नावानिशी मत नोंदवलं जाईल, बदली सदस्याची सूचना ईमेलने चालेल, सार्वजनिक बैठक लोकांना वेबसाइटवर पाहता येईल, आणि बंद दाराआडच्या बैठकीत दूरस्थ सहभागामुळे गोपनीयतेला असलेला धोका लक्षात घेतला जाईल. एवढी चौकट वरून आली की आतले नियम समिती स्वतः करते, तेही पहिल्याच बैठकीत, कुठल्याही विषयावर वाद पेटायच्या आत.

ती पहिली बैठक तुम्ही जशीच्या तशी बसवू शकता. सुरुवातीला खुर्चीत समितीचा क्लार्क असतो, म्हणजे कामकाज सांभाळणारा सभागृहाचा अधिकारी, सदस्य नव्हे. त्याचं काम एकच, अध्यक्षाची निवड. त्याला दुसरा ठराव घेता येत नाही, हरकतीचा मुद्दा ऐकता येत नाही, चर्चेत भाग घेता येत नाही. निवड झाली की अध्यक्ष बसतो, उपाध्यक्ष निवडले जातात, आणि मग नेहमीचे ठराव एकेक करून येतात. प्रत्येकाला सूचक असतो, दुरुस्ती सुचवता येते, मत होतं. अध्यक्ष वाचून दाखवेल आणि सगळे मान डोलावतील असा प्रकार नाही.

ठराव साधारण असे: संशोधनासाठी संसदेच्या ग्रंथालयाचे विश्लेषक घेणे. अध्यक्ष आणि प्रत्येक मान्यताप्राप्त पक्षाचा एक सदस्य अशी कार्यक्रम ठरवणारी उपसमिती. साक्षीदाराच्या निवेदनाला पाच मिनिटं, प्रश्नांच्या पहिल्या फेरीत प्रत्येक पक्षाला सहा मिनिटं, पुढच्या फेऱ्यांत पाच आणि अडीच मिनिटांचे तुकडे, पक्षांच्या ठरलेल्या क्रमाने. कागदपत्रं फक्त क्लार्कच वाटणार आणि तीही इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही राजभाषांत असतील तरच. हा शेवटचा ठराव ऑनलाइनमध्ये फार महत्त्वाचा ठरतो. एखाद्या सदस्याने चॅटमध्ये फक्त इंग्रजी पीडीएफ टाकली तर ती समितीपुढचा कागद होत नाही. चॅटला तिथे काही किंमतच नाही.

कमी गणपूर्तीचा ठराव नीट समजून घ्या, इथे बहुतेक जण घसरतात. १२ जणांच्या समितीत निर्णयाला ७ लागतात. पण साक्ष ऐकण्यापुरतं चौघांवर भागतं, अट अशी की त्यात दोन सत्ताधारी आणि दोन विरोधी असावेत. या चौघांना साक्ष ऐकता येते आणि नोंदवून घेता येते, पण कशावरही मत घेता येत नाही. मग कुणी खोटं "कनेक्शन गेलं" म्हणून बाहेर पडला तर काय? संख्या सातच्या खाली गेली की ठराव अडकतो, साक्ष चालू राहते. युवा संसदेत हा प्रसंग मुद्दाम घाला.

मोजलं कोण जातं हाही प्रश्न आहेच. २८ जुलै २०२१ ला आपल्या संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक समितीच्या बैठकीला भाजपचे सदस्य खोलीत आले पण त्यांनी हजेरीपटावर सही केली नाही. गणपूर्ती झाली नाही आणि बैठक होऊ शकली नाही. माणूस समोर, पण मोजणीत नाही. आमच्या सोसायटीत बरोबर उलटं झालं. कमिटी ११ जणांची, कोरम ६. रात्री नऊच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये पडद्यावर सात चौकोन होते, म्हणून कोरम झाला असं जाहीर झालं. त्यातले दोन चौकोन एकाच सभासदाचे, एक मोबाइलचा आणि एक लॅपटॉपचा. आणखी एकाचा कॅमेरा बंद होता. नंतर कळलं की टॅब घरी सोफ्यावर होता आणि सभासद लग्नाला गेले होते. खरी माणसं पाच. अजेंड्यावर टँकरची बिलं आणि लिफ्टचं वार्षिक कंत्राट. ती उरकल्यावर "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय" आले आणि त्यात स्टिल्ट पार्किंगचं फेरवाटप! खजिनदार बोलायला लागले तेवढ्यात त्यांचा आवाज बंद झाला, कारण होस्ट अध्यक्षच होते. मत घेतलं ते अंगठ्यांवर. इतिवृत्तात "सर्वानुमते मंजूर".

आता हाच प्रसंग कॅनडातल्या समितीच्या नियमांतून चालवून बघा. ठरावाची सूचना ४८ तास आधी क्लार्ककडे द्यावी लागते, आणि बहुतेक समित्या वेळही बांधतात, म्हणजे कामाच्या दिवशी दुपारी चारच्या आत. उशिरा आली तर दुसऱ्या दिवशीची धरायची. सूचनेशिवाय ठराव मांडता येतो, पण तो चालू विषयाशी थेट संबंधित असेल तरच. टँकरच्या बिलातून पार्किंग निघत नाही. ऐनवेळचा विषय हा आपल्याकडचा लाडका प्रकार इथेच मेला. मत अंगठ्यावर नाही: क्लार्क एकेकाचं नाव पुकारतो, सदस्य कॅमेरा चालू ठेवून हो किंवा नाही म्हणतो, क्लार्क आकडे वाचतो. सोफ्यावरचा टॅब इथेच उघडा पडला असता. बारा नावं पुकारायला दोन-तीन मिनिटं जातात. वेळ वाया जातो म्हणणाऱ्यांनी पार्किंगच्या वादात गेलेले महिने मोजावेत.

राहिला म्यूट. दूरस्थ सदस्य माइक स्वतः चालू-बंद करतो. खोलीत बसलेल्यांचे माइक तिथला तांत्रिक कर्मचारी हाताळतो. अध्यक्षाच्या बोटाखाली ते बटण नसतं. बोलायचं असेल तर पडद्यावर हात वर करायचा. खोलीतले हात आणि पडद्यावरचे हात मिळून एकच क्रमयादी क्लार्क ठेवतो आणि अध्यक्ष त्या क्रमाने नाव पुकारतो. अध्यक्षाने हरकतीच्या मुद्द्यावर दिलेला निर्णय पटला नाही तर सदस्य त्याविरुद्ध समितीकडे दाद मागू शकतो. मग चर्चा न करता एकच प्रश्न मताला जातो: अध्यक्षांचा निर्णय कायम ठेवायचा का? बरोबरी झाली तर निर्णय टिकतो, विरोधात बहुमत गेलं तर पडतो. "अध्यक्ष म्हणेल तसं" याला तिथे एवढीच जागा.

अध्यक्षाकडे खरोखर असलेला एक अधिकार म्हणजे बैठक थोडा वेळ थांबवणं, आणि तो ऑनलाइनमध्ये सारखा वापरावा लागतो. भाषांतराचा आवाज गेला की बैठक थांबते, तो परत आला की पुढे. एका भाषेच्या सदस्याला ऐकू येत नसताना झालेलं बोलणं त्याच्या हक्कावर आक्रमण मानलं जातं. खराब आवाजामुळे दुभाष्यांच्या कानांना इजा झाल्याच्या तक्रारी आल्यावर ठरावीक हेडसेट आणि आधी आवाजाची चाचणी सक्तीची झाली. चाचणीत नापास साक्षीदाराला बोलू न देता लेखी निवेदन मागवतात किंवा पुढची तारीख देतात. तुमच्या कार्यक्रमात मराठी-हिंदी दुभाषा ठेवलात तर हे आपोआप रंगेल.

बंद दाराआड जायचं असेल तर सार्वजनिक बैठक थांबवून सगळे बाहेर पडतात आणि वेगळ्या लिंकने, वेगळ्या पासवर्डने परत येतात. त्याच लिंकवर प्रक्षेपण बंद करून भागत नाही. कोण आत राहिलंय ते कळत नाही. प्रत्येक सदस्याचा एक सहायक आणि पक्षप्रतोदाच्या कार्यालयाचा एक माणूस आत चालतो, हेही पहिल्याच बैठकीत ठरावाने ठरलेलं असतं. या अदलाबदलीला पाच-सात मिनिटं धरा. स्क्रीनशॉट काढायला मनाई आहे, आणि ती उगीच नाही: एप्रिल २०२१ मध्ये एका खासदाराचा कॅमेरा कपडे बदलताना चालू राहिला आणि ते चित्र बाहेर गेलं. तो सभागृहाच्या कामकाजातला प्रसंग होता, समितीतला नव्हे, पण धडा सगळ्यांनी घेतला.

आता सावधगिरीचे शब्द, जे खरं तर वर यायला हवे होते. मिनिटं आणि तास प्रत्येक समितीत थोडे बदलतात. कुठे निवेदनाला पाच, कुठे दहा. ब्रिटनमध्ये वाट वेगळी: २४ मार्च २०२० च्या तात्पुरत्या आदेशाने सदस्य दूरस्थ बसू शकत होते, पण कोणत्या पद्धतीने, ती सभापतींनी मान्य केलेली हवी. आणि सोसायटीला संसदेचे नियम लागू होत नाहीत, तिथे सहकार कायदा आणि उपविधी. हे आमच्या अध्यक्षांनी मला अनेकदा ऐकवलंय. मान्य. पण सात चौकोन म्हणजे सात माणसं असं उपविधीतही कुठे लिहिलेलं नाही.

तुमच्या तालमीसाठी एवढं करा: झूमचं होस्टपद क्लार्क झालेल्या मुलीकडे द्या, अध्यक्षाला साधा सदस्य म्हणून आत घ्या, दोन लिंक तयार ठेवा, आणि बारा नावांची यादी छापून क्लार्कच्या हातात द्या. सरांना अध्यक्ष करणार असाल तर होस्टचा पासवर्ड त्यांना सांगू नका.