९९.२ टक्के जुळलं म्हणजे नवी प्रजाती नव्हे, पण थांब जरा

कोल्हापूरजवळच्या मसाई पठारावरच्या मातीतून प्लेटवर गुलाबी कॉलनी (जीवाणूंचा ठिपका) आली, तिचा १६एस क्रम (जीवाणू ओळखायला वापरतात त्या जनुकातल्या डीएनए अक्षरांची रांग) कोरियात सापडलेल्या जीवाणूशी ९९.२ टक्के जुळला, तर ही नवी प्रजाती का, असं तू विचारलंयस. एवढ्यावरून तरी नाही. पण भारतातली पहिली नोंद असू शकते, आणि तीही काही कमी नाही.

आपल्याकडे या दोन्हींची सर्रास गल्लत होते. कोरियावाल्यांनी मात्र दोन वेगळी खाती ठेवलीत. तिथल्या राष्ट्रीय जैवसंसाधन संस्थेच्या प्रकल्पात माती, चिखल, समुद्राचं पाणी यांतून जीवाणू वेगळे करतात. क्रम ९८.७ टक्के किंवा जास्त जुळला आणि ती प्रजाती देशात आधी नोंदलेली नसली, की ती 'न नोंदलेल्यां'च्या यादीत. त्याखाली गेला, तर नवी प्रजाती असण्याची चर्चा.

तुझा आकडा किती लांबीच्या क्रमावर आलाय? एकाच बाजूने वाचलेल्या ७०० अक्षरांवर असेल तर विसर. साधारण १५०० हवीत. शिवाय जुळणी टाइप स्ट्रेनशीच (त्या प्रजातीचा अधिकृत नमुना) झालीय ना, तेही बघ. आणि ९९ च्या वर गेलं म्हणजे तीच प्रजाती, असंही छातीठोक म्हणता येत नाही. बॅसिलस सेरेअस आणि बॅसिलस अँथ्रॅसिस यांचा १६एस जवळजवळ सारखाच असतो. पूर्ण जीनोम वाचून एएनआय (दोन जीनोम सरासरी किती टक्के जुळतात तो आकडा) ९५-९६ च्या खाली आला, तर नव्या प्रजातीचा विषय पुन्हा उघडतो. गाईडकडे पैसे असतील तर कराच.

त्याआधी, ती कॉलनी खरंच मसाईची आहे का? एमएस्सीला असताना राधानगरीकडच्या ओढ्यातल्या मातीतून मला एक पांढरी, सुबक कॉलनी मिळाली. चार दिवस सगळ्यांना दाखवत फिरलो. क्रम आला: स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. माझ्याच कातडीवरचा पाहुणा! गुलाबी म्हटलं की मिथायलोबॅक्टेरियम हा जीवाणू आठवतो, आणि तो नळाच्या पाण्यातही सापडतो. म्हणून माती न घालता, माती ज्यात कालवतोस तेच सलाइन (मिठाचं पाणी) पसरून एक कोरी प्लेट लावायचीच; तिच्यावर काही उगवलं तर ते मातीतलं नव्हे.

न्यूट्रिएंट आगर या पौष्टिक माध्यमावर बॅसिलस दोन दिवसांत प्लेटभर पसरतो, बाकीच्यांना जागाच उरत नाही. जांभ्यावरची माती तशी उपाशी, तिला आर२ए सारखं कमी पोषणाचं माध्यम, म्हणजे पातळ खाणं बरं. २८ अंशांना, प्लेटा पिशवीत गुंडाळून, तीन आठवडे. टाचणीच्या डोक्याएवढ्या कॉलनी शेवटी येतात आणि तोवर आपण प्लेटा निर्जंतुक करून फेकायला ऑटोक्लेव्हमध्ये टाकलेल्या असतात.

कल्चर (वाढवलेला शुद्ध जीवाणू) पुण्याच्या एमसीसी किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या जीवाणू-संग्रहात जमा कर. पुढे नवी प्रजातीच निघाली, तर दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावी लागते. परदेशी पाठवण्याआधी २००२ च्या जैवविविधता कायद्याखालची परवानगी बघ.

मातीची उरलेली पिशवी फ्रीजमध्ये आहे ना? तिच्यातूनच पुन्हा लाव. गुलाबी कॉलनी परत आली आणि कोरी प्लेट कोरीच राहिली, की मग क्रम इथे टाक, बघू.