गाळाचं खत आणि जंतांची अंडी

प्रश्न : सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पातला गाळ वाळवून, चुना मिसळून मळ्यात टाकला तर जंतांची भीती उरते का?
— एक वाचक, वाघोली, पुणे

उत्तर : उरते. चुन्याने सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) १२ वर गेला की बहुतेक जिवाणू मरतात, पण गोल जंताच्या अंड्यांचं कवच फार चिवट. त्यांना मारते ती उष्णता. गाळात उसाचं पाचट मिसळून दीड मीटर उंच रास लावा, कुजताना ती आतून तापते. ओलावा इतकाच, की मुठीत दाबल्यावर हात ओलसर व्हावा, पाणी गळू नये. मग रास आतून ५५ अंश सेल्सिअसवर निदान १५ दिवस राहायला हवी, त्यात ५ वेळा पलटी, म्हणजे आतला-बाहेरचा थर उलटापालटा करणं. पलटी चुकवू नका: बाहेरचा थर गार राहतो, अंडी तिथेच वाचतात. पावसाळ्यात वर पत्रा हवाच. भिजलेली रास तापत नाही. शेवटी प्रयोगशाळेत तपासून घ्या, कोरड्या गाळाच्या ग्रॅममागे एकापेक्षा कमी अंडं हवं. तोवर मेथी-कोथिंबिरीला हे खत घालूच नका.