श्रावणात दारू सोडली आणि तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या : व्यसनावरचे तुमचे प्रश्न

नाशिकमध्ये गेली १८ वर्षं मी व्यसनाचे पेशंट बघतोय. यावेळी प्रश्न खूप आलेत, सगळे घेता येणार नाहीत, म्हणून जिथं उशीर झाला तर जिवावर बेततं ते आधी घेतो. नावं कुणाचीच देत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न (सातपूर) : डॉक्टर, माझे मिस्टर कंपनीत आहेत. रोज दोन क्वार्टर, सुट्टीला सकाळपासूनच. श्रावणाच्या पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःहून सोडली, आम्ही सगळे खूश. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या आहेत म्हणून चादर झटकत बसले, मला ओळखेनात. सासूबाई म्हणाल्या बाहेरचं झालंय. शेवटी शेजारच्यांनी थोडी पाजली तेव्हा शांत झाले. आता परत चालू झालीये. मग सोडायची की नाही?

ताई, सोडायचीच, पण अशी नाही. बाहेरचं वगैरे काही नाही हे आधी सासूबाईंना सांगा. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आम्ही ओपीडीत नुसतं डीटी म्हणतो. श्रावण लागला, नवरात्र बसलं, गडावर जाऊन कुणी शपथ घेतली किंवा गळ्यात माळ घातली, की पुढच्या तीन-चार दिवसांत असे पेशंट येतातच. मला यांचं फार वाईट वाटतं कारण हा माणूस मनापासून सोडायला निघालेला असतो आणि नेमका तेव्हाच शरीर दगा देतं, मग घरचे म्हणतात की याला दारू सोडवतच नाही, आणि त्यालाही ते पटतं.

होतं काय सांगतो. दारू मेंदूला सुस्त करते. रोज सुस्त केलं तर मेंदू गप्प बसत नाही, तो उलट्या बाजूनं जोर लावतो, जागं राहायला, हलतं राहायला. दहा-बारा वर्षं ही रस्सीखेच चालते आणि एक दिवस दारूनं आपल्या बाजूचा दोर सोडला की पलीकडे जोर लावून उभा असलेला मेंदू धाडकन मागे आपटतो. शेवटच्या पेगनंतर साधारण ६-८ तासांत थरथर, घाम, मळमळ, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आयुष्यात कधी आली नाही अशा माणसालाही. आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहीजणांना डीटी होतो, म्हणजे भास, भलतंच बोलणं, ताप, छातीची धडधड. सगळ्यांना होत नाही, पण ज्याला सकाळी हात स्थिर करायला घोट घ्यावा लागतो, किंवा दारू थांबवल्यावर आधी फिट आलीये, किंवा एकदा डीटी होऊन गेलाय, त्यानं घरी एकदम बंद करायचीच नाही. मिस्टर आता या तिसऱ्या प्रकारात आहेत.

दाखल करून ५ ते ७ दिवसांत हे नीट निभावता येतं. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम देतो, रोज थोडी थोडी कमी करत बंद करतो, आणि सोबत बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं. या बी-वनचं मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडे अशक्तपणा आला की जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावायची पद्धत आहे. पिणाऱ्याच्या अंगात बी-वन आधीच संपत आलेलं असतं, नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही खर्च होतं आणि मेंदूला इजा होऊ शकते, चाल अडखळते, डोळे नीट हलत नाहीत, आठवण जाते ती कधी कधी कायमची. म्हणून सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की हे रोज पितात. लाज वाटली तरी सांगा.

शेजाऱ्यांनी पाजली ती जीव तुटून पाजली, त्यांना दोष देत नाही, पण भान नसलेल्या माणसाच्या तोंडात काही ओतलं तर श्वासनलिकेत जाऊ शकतं. परत असं झालं तर १०८ लावा. आणि तोपर्यंत वाट बघू नका, मिस्टर शुद्धीत असताना, शक्यतो सकाळी, त्यांना घेऊन त्र्यंबक रोडला सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत जा. श्रावण पुढच्या वर्षीही येईल, तारीख डॉक्टरांना ठरवू द्या.

प्रश्न (पिंपळगाव बसवंत) : रिक्षाच्या मागे जाहिरात बघितली, न सांगता दारू सोडवा. पावडर आहे, भाजीत किंवा चहात टाकायची. भावाला द्यावी म्हणतोय, तो दवाखान्यात यायलाच तयार नाही. चालेल ना?

नाही चालणार दादा. अशा पुड्यांमध्ये काय आहे ते पुडीवर लिहिलेलंच नसतं, आणि बऱ्याचदा भीती असते ती डायसल्फिरामची. हे खरं औषध आहे, आम्हीही वापरतो, पण पेशंटला सांगून, त्याची तयारी असेल तर, हार्ट आणि लिव्हर तपासून. दारू पचताना मधल्या पायरीवर ॲसिटाल्डिहाइड नावाचं विष तयार होतं, ते पुढे मोडून टाकणारं एन्झाइम हे औषध अडवतं. मग वरून दारू घेतली की चेहरा लालबुंद, उलट्या, छाती फुटेल अशी धडधड, बीपी खाली. ज्याला सांगितलंय तो घाबरून पीत नाही, औषधाचा उपयोगच तो आहे. ज्याला सांगितलं नाही तो नेहमीसारखी पिणार आणि हार्टचा त्रास असेल तर जागेवर जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो.

आणि एक दिवस भावाला कळेल की जेवणात काहीतरी टाकतात. त्यानंतर तो घरचं जेवण सोडेल, तुमच्यावरचा भरवसा सोडेल, दारू मात्र सोडणार नाही. हे मी कितीतरी घरांत बघितलंय.

तो येत नसेल तर तुम्ही या. खरंच, एकटे या, वहिनींना घेऊन या. कधी बोलायचं, काय बोलायचं, पैसे कुठं थांबवायचे, त्याच्या उधाऱ्या कुणी फेडायच्या नाहीत, हे घरच्यांनी शिकलं की पेशंट पुढे स्वतः यायची शक्यता वाढते. नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट अशी तलफ कमी करणारी औषधंही आहेत, लपवून द्यावं लागेल असं त्यात काही नाही.

प्रश्न (गंगापूर रोड) : मुलगा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगला. दोन-दोन रात्री झोपत नाही, मग दीड दिवस झोपून राहतो. वजन उतरलंय, पैसे गायब होतात, आणि आता म्हणतो शेजारचे माझ्यावर नजर ठेवतात. मित्राकडून कळलं की एमडी घेतो. पोलिसांच्या भीतीनं कुणाला सांगितलं नाही. नातेवाईक म्हणतात, एक सेंटर आहे, ते रात्री येऊन उचलून नेतात. काय करू?

ताई, तुम्ही जे लिहिलंय ते जवळजवळ पुस्तकातलं वर्णन आहे. एमडी म्हणजे मेफेड्रोन, पांढरी पावडर किंवा खडे, नाकानं ओढतात किंवा गिळतात. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या शिंदे गावात याचा कारखाना सापडला, मुंबई पोलिसांनी धाड टाकली, तेव्हा सगळ्या शहराला हे नाव कळलं, पण ओपीडीत आम्ही ते त्याच्या कितीतरी आधीपासून ऐकत होतो.

हे मेंदूतलं डोपामिन, म्हणजे मजा वाटायला लावणारं रसायन, एकदम उसळवतं. भूक नाही, झोप नाही, आपण काहीही करू शकतो असं वाटतं, जबडा आवळला जातो, दात खातात. तास-दोन तासांत उतरतं म्हणून लगेच दुसरी लाईन, अशी रात्र जाते. मग दोन दिवस माणूस रिकामा होतो, अंथरुणातून उठवत नाही. आणि शेजारचे नजर ठेवतात हा जो संशय आहे तो नाटक नाही, त्याला ते खरंच तसं वाटतंय, त्यावर वाद घालू नका, घाबरलायस ना, मी आहे, एवढंच म्हणा. पंचविशीपर्यंत मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे थांब म्हणणारा भाग, पूर्ण तयार झालेला नसतो, त्यामुळे १९ व्या वर्षी हे फार लवकर पकडतं.

मेडिकलमधून किट आणून लघवी तपासू नका. साध्या किटमध्ये एमडी बऱ्याचदा सापडतच नाही, निगेटिव्ह आलं की तुम्ही निर्धास्त आणि तो जास्तच पक्का होतो.

पोलिसांचं सांगतो. २०१५ पासून मेफेड्रोन एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे, पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवन केल्याचा किंवा अगदी कमी प्रमाणात जवळ असल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं, उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. उपचाराला आलेल्या पेशंटची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर कायद्यानं बंधनकारक आहे. त्यामुळे दवाखान्यात जायला घाबरू नका, न जाण्यात जास्त धोका आहे.

उचलून नेणाऱ्या सेंटरला माझा स्पष्ट विरोध आहे. मारहाण झालेली, साखळीनं बांधलेली मुलं मी नंतर तपासलीत, ती व्यसनातून बाहेर नाही आली, आईबापांपासून लांब गेली. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा व्यसनाच्या पेशंटलाही लागू होतो आणि त्यात साखळीनं बांधायला बंदी आहे. कुठल्याही सेंटरला पाय ठेवायच्या आधी विचारा, नोंदणी दाखवा, मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, मी मुलाला कधी भेटू शकते. भेटता येणार नाही म्हणाले तर तिथूनच परत फिरा. मुलगा नाहीच म्हणाला आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल अशी स्थिती असेल तर त्याच कायद्यात डॉक्टरांच्या तपासणीनंतर दाखल करायची रीतसर सोय आहे.

एमडीची जागा घेईल अशी गोळी नाही. संशयासाठी, झोपेसाठी, उदासीसाठी औषध देतो आणि बाकी काम समुपदेशनाचं, काही महिने चालणारं. बंद केल्यानंतरचे पहिले काही आठवडे फार जपा, मन इतकं काळवंडतं की जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात, त्याला एकटं ठेवू नका, घरातली औषधं कुलपात ठेवा. रात्री काही वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. छातीत दुखणं, खूप ताप, फिट असं काही झालं तर फोनवर बोलत बसू नका, सरळ इमर्जन्सीला न्या.

प्रश्न (मालेगाव) : भाऊ यंत्रमागावर रात्रपाळी करतो. वर्षभर कुत्ता गोळी खातो, आता दिवसाला पाच-सहा. अम्मी म्हणतात कोंडून ठेवा, चार दिवसांत उतरेल.

कोंडू नका भाई. कुत्ता गोळी म्हणजे अल्प्राझोलाम, घबराटीसाठी लिहून देतात ती. वर सांगितलेली रस्सीखेच इथंही तशीच आहे, वर्षभर खाल्लेली गोळी एकदम तोडली तर फिट येतात, जीव जाऊ शकतो. ती काही आठवडे, कधी काही महिने लावून कमी करायची असते, डॉक्टरांच्या हिशोबानं. तोवर त्याला एकच गोष्ट कळकळीनं सांगा, गोळी आणि दारू एकत्र नको, दोन्ही मिळून श्वास मंद करतात आणि माणूस झोपेतच जातो. ही गोळी शेड्युल एच-वनमधली आहे, चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि दुकानदारानं विकल्याची नोंद तीन वर्षं ठेवायची असते. जो सुटी पत्ती हातात देतोय त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा.

प्रश्न (दिंडोरी) : आई ३० वर्षं मिश्री लावते. म्हणते हे मंजन आहे, तंबाखू नाही. गालात पांढरा चट्टा दिसतोय, दुखत नाही.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. न दुखणारा चट्टा जास्त काळजीचा, कारण दुखत नाही म्हणून दाखवत नाहीत. याच आठवड्यात दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, द्राक्षाची छाटणी असली तरी. तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात का तेही बघा, जात नसतील तर तसं सांगा. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, आई एकट्या नाहीत, त्यांना रागावू नका. सोडायला निकोटिनची च्युइंगगम मिळते, ती सारखी चावायची नसते, थोडी चावून गालात धरून ठेवायची. तंबाखू सोडायची सरकारी लाईन १८००-११-२३५६, फुकट आहे.

प्रश्न (कॉलेज रोड) : आपल्या नाशिकची वाइन तर हार्टला चांगली असते ना? रोज एक ग्लास?

नाही. १२ टक्क्यांच्या १५० मिलीच्या ग्लासात साधारण १४ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे ४५ मिली व्हिस्कीइतकंच. द्राक्ष आपलं, त्याचा अभिमान मलाही आहे, पण लिव्हरला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही. हार्टसाठी म्हणून पिऊ नका, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलंय की सुरक्षित असं प्रमाण नाही.

प्रश्न (सिन्नर) : आठ महिने सोबर होतो. चुलतभावाच्या हळदीत एक घेतली. आज दहावा दिवस, रोज लपून नव्वद घेतो. बायकोला माहीत नाही. सगळं वाया गेलं, आता परत सेंटरला यायला तोंड नाही.

दादा, तुमचा मेल मी दोनदा वाचला. वाया काही गेलेलं नाही. आठ महिन्यांत लिव्हरवरची सूज उतरली असेल, झोप परत आली असेल, आठ महिने कसे काढायचे हे तुम्हाला येतं, ते नव्या पेशंटला येत नाही. व्यसन हा परत परत डोकं वर काढणारा आजार आहे, बीपी-शुगरसारखा, शुगर वाढली म्हणून कुणी डॉक्टरांना तोंड लपवत नाही.

धोका त्या एका पेगपेक्षा त्यानंतरच्या विचारात असतो, आता मोडलंच आहे तर पिऊ. दहा दिवसांवर आहात, दहा आठवडे होऊ देऊ नका. सकाळी हात थरथरत असतील तर घरी एकदम बंद करू नका, पहिलं उत्तर वाचा. थरथरत नसतील तरी याच आठवड्यात तुमच्या समुपदेशकाला फोन करा, नंबर नसेल तर १४४४६ लावा, ती व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन आहे. बायकोला आज रात्री सांगा, तुमच्या तोंडून. वास तिला बहुतेक आधीच आला असेल.

आणि लग्नसराई संपलेली नाही म्हणून हळदीचं सांगतो. जायचंच असेल तर घरून जेवून जा, पोट रिकामं असलं की तलफ जोरात येते. गाडी स्वतःची न्या, चावी खिशात ठेवा, कुणाच्या गाडीत बसून गेलात तर त्याच्या वेळेपर्यंत अडकाल. हातात पहिल्यापासून सरबताचा ग्लास ठेवा, आणि घे रे एकच म्हणणाऱ्याला कारण देऊ नका, गोळ्या चालू आहेत एवढं म्हणा. नवरदेवाला हळद लावा, काकूंच्या पाया पडा आणि डीजे सुरू व्हायच्या आत सिन्नरला घरी या.