लोअर केलेल्या जुन्या मारुती झेनच्या मागच्या सस्पेन्शनमधून कुईं कुईं आवाज येतो. शॉकअप बदलूनही जात नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गाडी २००१ची झेन आहे, वर्षभरापूर्वी स्प्रिंग कापून दीड इंच खाली घेतली, मागचे दोन्ही शॉकअप नवे टाकले, तरी स्पीडब्रेकर आला की मागून कुईं कुईं होतं आणि गॅरेजवाला पुन्हा शॉकअपच बदलायला सांगतोय.

शॉकअपला पुन्हा पैसे घालू नका. माझ्याकडे १९९९ची झेन आहे आणि मी नेमका ह्याच फेऱ्यातून गेलो आहे. गाडी खाली घेतल्यावर तीन-चार महिन्यांत आवाज सुरू झाला. एका गॅरेजमध्ये शॉकअप बदलले, आवाज तसाच. दुसऱ्या ठिकाणी मागच्या सगळ्या सांध्यांवर जुनं इंजिन ऑइल मारून दिलं. चार दिवस शांतता होती, पाचव्या दिवशी पुन्हा सुरू. पावसाळ्यात आवाज आपोआप बंद झाला तेव्हा वाटलं, गेलं एकदाचं. पण दिवाळीनंतर रस्ते कोरडे पडले तसा तो पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत आला. तुमचाही आवाज पावसात जात असेल तर तो रबराचा आहे असं जवळजवळ धरून चाला.

झेनला मागे सरळ अ‍ॅक्सल आहे, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी एकच आडवी दांडी. दोन्ही बाजूंना एकेक ट्रेलिंग आर्म, म्हणजे पुढचं टोक बॉडीला आणि मागचं अ‍ॅक्सलला धरलेला लांब हात. अ‍ॅक्सल डावीउजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा लॅटरल रॉड. ह्या प्रत्येक सांध्यात एक बुश असतो. बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी आणि मध्ये दोघांना चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट धरली जाते, ती अजिबात फिरत नाही. हात वरखाली झाला की फक्त रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. इथे काहीही घासायचं नसतं, म्हणून इथे तेलाचं कामच नाही.

आता गाडी खाली घेताना काय होतं बघा. कंपनीतून गाडी येते तेव्हा ती आपल्या चाकांवर उभी असताना बुशमधलं रबर बिनपिळाचं असतं. खड्डा आला की ते थोडं इकडे, थोडं तिकडे पिळतं आणि जागेवर येतं. तुम्ही गाडी ४ सेंटीमीटर खाली आणलीत. ट्रेलिंग आर्म ४० सेंटीमीटर लांब धरला तर त्याचा कोन साधारण ६ अंशांनी बदलला. पण बोल्ट कुणी सोडलेच नाहीत, त्यामुळे आतली नळी जुन्याच कोनात अडकून राहिली. म्हणजे गाडी गेटात उभी असतानासुद्धा रबर पिळलेलंच आहे. गाडी जॅकवर, चाकं खाली लोंबतायत आणि त्याच अवस्थेत मिस्त्रीने बोल्ट आवळले असतील तर पीळ याच्या कितीतरी पट. असं रबर काही महिन्यांत कडेला फाटायला लागतं, फाटलेल्या कडा एकमेकींवर घासतात, आणि तोच तुमचा कुईं कुईं.

मला हे एका वयस्कर मिस्त्रीने दाखवलं. त्यांनी गाडी गॅरेजमधल्या, खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर घेतली, स्वतः खाली उतरले आणि आम्हा दोघांना डिकीवर जोर देऊन गाडी हलवायला लावली. मग मला खाली बोलावून माझा हात धरून डाव्या ट्रेलिंग आर्मच्या पुढच्या बुशवर ठेवला. वरून गाडी दाबली की बोटांखाली बारीक थरथर लागायची, अगदी आवाजाच्या तालावर. उजव्या बाजूला हात ठेवला तर काहीच नाही. "मालक, रबर पिळून बसलंय. त्याला आधी मोकळं करा," एवढंच ते म्हणाले.

तुम्हीही आधी नेमका सांधा शोधा. मागची ट्रे, स्टेपनी, जॅक, डिकीतलं सगळं सामान बाहेर काढा, कारण झेनच्या डिकीचं लॉक आणि पार्सल ट्रेसुद्धा हुबेहूब असाच आवाज काढतात आणि माणूस विनाकारण खाली शोधत बसतो. मग गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर चाकं टेकलेल्या अवस्थेत उभी करा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. कुणालातरी गाडी हलवायला सांगा आणि कपड्यांना इस्त्री करताना वापरतात त्या फवाऱ्याच्या बाटलीने एका वेळी एकाच बुशवर साधं पाणी मारा. पाच-सहा हेलकावे बघा, मगच पुढच्या बुशवर जा. ज्या बुशवर पाणी पडताच आवाज क्षणभर थांबतो, तो दोषी. ट्रेलिंग आर्मची पुढची आणि मागची टोकं, लॅटरल रॉडची दोन्ही टोकं, शॉकअपची खालची-वरची रबरं, हे सगळं तपासा.

बुश सापडला आणि रबर अजून शाबूत असेल तर काम नुसत्या पान्याचं आहे. गाडी रिकामी, चारही चाकं जमिनीवर, हँडब्रेक सोडलेला, पुढच्या चाकांना अडण. नट ढिला करायच्या आधी बुशच्या तोंडावर, आतल्या नळीपासून बाहेरच्या कड्यापर्यंत खडूची एक सरळ रेघ ओढा. मग नट फक्त ढिला करा, बोल्ट बाहेर काढू नका. माझ्या गाडीला नट ढिला होताच टक्क असा आवाज आला आणि आतली नळी डोळ्यांदेखत वळली. खडूची सरळ रेघ तिरपी झाली, तिची दोन टोकं एकमेकांपासून सरकली. इतके महिने रबर किती ताणात होतं ते त्या रेघेवरून कळलं. दोन्ही बाजूंचे सगळे बोल्ट असे ढिले करून गाडी तीन-चार वेळा दाबा, अडण काढून ती थोडी पुढे-मागे ढकला, म्हणजे अ‍ॅक्सल स्वतःच्या जागी बसेल. आता त्याच उंचीवर, चाकं जमिनीवर ठेवूनच नट आवळा. किती आवळायचे ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, तेवढ्यावरच टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्याने, आवळून घ्या, अंदाजाने नको. मॅन्युअलसुद्धा हे नट गाडी जमिनीवर उतरवून, रिकाम्या अवस्थेतच आवळायला सांगतं. ही एकच गोष्ट बहुतेक गॅरेजमध्ये घाईत राहून जाते, आणि सगळा त्रास तिथून सुरू होतो.

गाडी कोकणात वाढलेली असेल तर एक अडचण येईल. बोल्ट नळीत गंजून बसलेला असतो, नट सुटला तरी नळी फिरत नाही. तिथे गंज सोडवायचं तेल फक्त आट्यांवर, थेंबाथेंबाने सोडा आणि रबरावर ओघळलेलं लगेच पुसा. डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस ह्यांनी रबर फुगतं आणि मऊ होऊन सुटतं. माझा डावा बुश त्या ऑइलच्या फवाऱ्यानेच गेला होता, तो बदलावाच लागला. फाटलेला, फुगलेला, नळीपासून सुटलेला बुश असेल तर तुम्हीही बदला, प्रेसवर बसवून घ्या, हातोड्याने ठोकून नको. दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. पिवळे-लाल पॉलियुरेथेनचे बुश घ्यावेत का, असं विचाराल तर रोजच्या गाडीला मी नाही म्हणेन. ते नळीवर फिरतात, म्हणून त्यांना पिळाचा त्रास नाही, पण सिलिकॉन ग्रीस संपलं की तेही ओरडतात आणि रस्त्याचा प्रत्येक दणका पाठीला कळवतात.

स्प्रिंगकडे मात्र जरूर बघा. कापलेलं टोक खालच्या रबरी बैठकीवर सपाट बसत नाही, तिथे करकर होते. त्याहून गंभीर म्हणजे, मागची बाजू उचलून जॅकस्टँडवर ठेवली आणि चाकं मोकळी लोंबली की स्प्रिंग बैठकीत सैल होऊन हलते का ते तपासा. हलत असेल तर एखाद्या मोठ्या उडीत ती जागा सोडू शकते. अशी गाडी चालवू नका, नीट लांबीची स्प्रिंग टाका. गॅसने तापवून, दाबून आखूड केलेली स्प्रिंग असेल तर बघत बसायचीही गरज नाही, काढूनच टाका. पोलादाचं पाणी उतरलेलं असतं, ती कधी मोडेल सांगता येत नाही.

लॅटरल रॉड एका टोकाला बॉडीला, दुसऱ्या टोकाला अ‍ॅक्सलला असल्यामुळे गाडी खाली आली की अ‍ॅक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो. एका बाजूचा टायर मडगार्डच्या जास्त जवळ दिसत असेल तर कारण तेच. टायरच्या खांद्यावर घासल्याच्या खुणा आहेत का तेवढं बघा. बंपस्टॉपचं, म्हणजे अ‍ॅक्सल वर आला की त्याला अडवणारं रबर कापून टाकलं असेल तर नवं बसवा, नाहीतर चार माणसं बसली की अ‍ॅक्सल थेट बॉडीवर आदळेल.

काम झालं की पाचशे किलोमीटरनंतर नट एकदा तपासा. आणि मूळ स्प्रिंग मिळाल्या तर घेऊन ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल पाहता कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळी केलेली गाडी अडवली जाऊ शकते. तुमच्या गाडीचं पुढचं रीपासिंग कधीतरी येईलच. तेव्हा गाडी मूळ उंचीवर नेलीत तर हेच सगळे बोल्ट पुन्हा एकदा, चाकं जमिनीवर ठेवून, सोडून आवळावे लागतील.