धुराने वारा मोजता येईल का?

प्रश्न: मॅडम, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी आम्हाला गोल नळीमागचा हवेचा प्रवाह मोजायचा आहे. कॉलेजच्या छोट्या विंड टनेलमध्ये पिटो ट्यूब (वाऱ्याच्या दाबावरून वेग मोजणारी नळी) लावून पाहिली, पण नळीमागे रीडिंग स्थिरच होत नाही. पीआयव्हीचा (हवेतल्या कणांच्या फोटोंवरून वेग काढण्याच्या पद्धतीचा) खर्च परवडत नाही. सीनियर्स म्हणतात, अगरबत्तीचा धूर सोडा आणि हिरवा लेसर पॉइंटर मारा. चालेल का?
– एक विद्यार्थिनी, मुलुंड

उत्तर: पिटो ट्यूबला दोष देऊ नकोस. ती समोरून येणाऱ्या वाऱ्यासाठी असते. नळीमागे हवा उलटीसुद्धा फिरते, तिथे ती काय वाचणार? शिवाय तिची दांडी गोल नळीमागून सुटणाऱ्या भोवऱ्यांच्या वाटेतच उभी राहते.

पीआयव्हीत हवेत बारीक थेंब सोडतात, लेसरच्या पातळ पडद्यात काही मायक्रोसेकंदांच्या अंतराने दोन फोटो काढतात आणि थेंबांचे पुंजके किती सरकले त्यावरून वेग काढतात. म्हणजे मोजला जातो थेंबाचा वेग. तो हवेचा वेग आहे, हे थेंबाने सिद्ध करावं लागतं. मी ऑलिव्ह तेलाचं धुकं वापरायचे. संध्याकाळी ॲप्रनला तोच वास असायचा. एक मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा) थेंब हवेच्या बदललेल्या वेगाशी साधारण तीन मायक्रोसेकंदांत बराचसा जुळतो. दहा मायक्रॉनच्या थेंबाला शंभरपट वेळ लागतो, कारण हा वेळ व्यासाच्या वर्गाने वाढतो. जाड थेंब जोरकस भोवऱ्यातून बाहेर फेकले जातात आणि फोटोत मध्यभागी काळं भोक उरतं. सगळे लेसरची किंमत विचारतात, थेंबाचा आकार कुणी विचारत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

अगरबत्तीच्या धुराचे कण बहुतांशी एक मायक्रॉनहूनही बारीक, त्यामुळे ते हवेबरोबर छान जातात. पॉइंटर मात्र नको. चकचकीत नळीवरून किरण डोळ्यात येतो, आणि स्वस्त हिरव्या पॉइंटरमधून न दिसणारा इन्फ्रारेडही निसटू शकतो. लॅमिंग्टन रोडवरून चांगला पांढरा एलईडी आण, त्यापुढे अरुंद फट ठेव, मागच्या भिंतीला काळा कार्डपेपर लाव. अगरबत्ती हनीकोंबच्या (टनेलच्या तोंडाशी वारा सरळ करणाऱ्या जाळीच्या) आधी ठेव, नाहीतर तिच्याच काडीमागे भोवरे उठतील. खोलीचा एक्झॉस्ट चालू ठेव.

एवढ्यावर वेगाचा नकाशा मिळणार नाही, पण भोवऱ्यांची वारंवारता नक्की मिळेल. वारा सेकंदाला 2 मीटर ठेव. या वेगाला पिटोला जोडलेल्या दाबमापकात जेमतेम पाव मिलिमीटर पाणी चढतं, म्हणून गोल नळी काढून चक्रीच्या ॲनिमोमीटरने वेग घे. नळी 3 सेंटिमीटर व्यासाची असेल तर भोवरे सेकंदाला तेराच्या आसपास सुटायला हवेत. मोबाइलच्या 240 फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये एका आवर्तनाला अठरा फ्रेम मिळतात, म्हणजे भरपूर. मोजताना फक्त वरच्या बाजूचे भोवरे मोज. दोन्ही बाजूंचे धरलेस तर उत्तर दुप्पट येतं. मग वारंवारता गुणिले व्यास भागिले वेग. हा स्ट्राउहाल अंक गोल नळीसाठी या वेगाला 0.2 च्या जवळ असतो.

अंक बराच जास्त आला तर टनेलची उंची बघ. नळी उंचीच्या दहाव्या भागाहून जाड असली की भिंतींमुळे हवा चिमटली जाते आणि भोवरे लवकर सुटतात. तेव्हा नळी बारीक घे. आणि सरांचं पत्र घेऊन पवईच्या आयआयटीत एरोस्पेस विभागाचे विंड टनेल बघायची परवानगी माग.