भागीदार म्हणतो, ‘ऑनलाइन धंद्यात हे सगळेच करतात’. खरंच तसं आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरगुती उपकरणांची माहिती देणारी तुमची वेबसाइट आहे आणि तिच्यावरून होणाऱ्या खरेदीवर तुम्हाला कमिशन मिळतं. मेहुण्यांच्या ओळखीतला एक जण निम्म्या भागीदारीत यायला तयार आहे. उत्पन्न तिप्पट करून दाखवतो म्हणतो. कसं, असं विचारलं की ‘ते माझ्यावर सोड, या लाइनमध्ये सगळेच असं करतात’ यापलीकडे काही बोलत नाही.

सगळे करत नाहीत. मी पुण्यात २००९ पासून याच धंद्यात आहे. आधी स्वतःच्या साइट्स चालवल्या, आता लहान विक्रेत्यांची ऑनलाइन विक्री सांभाळतो. या काळात सरळ काम करून घर चालवणारी पुष्कळ माणसं पाहिली. ‘सगळेच करतात’ हे वाक्य मात्र मी फक्त ते करणाऱ्यांच्याच तोंडून ऐकलं आहे.

तुम्ही ज्या ॲफिलिएट धंद्यात, म्हणजे दुसऱ्याचा माल सुचवून कमिशन घेण्याच्या धंद्यात, आहात तिथली लबाडी नेमकी कशावर चालते ते आधी पाहू, म्हणजे माणूस ओळखणं सोपं जाईल. इथे तिजोरी कोणी फोडत नाही. ‘ही विक्री कोणामुळे झाली’ या नोंदीत फेरफार केला जातो. तुमच्या लिंकवर कोणी टिचकी मारली की त्याच्या ब्राउझरमध्ये एक कुकी, म्हणजे तो तुमच्याकडून आला अशी छोटी नोंद, बसते. ॲमेझॉनच्या कार्यक्रमात तिचा अवधी साधारण २४ तासांचा असतो, इतरांकडे जास्तही असतो. त्या अवधीत खरेदी झाली तर कमिशन तुमचं. बहुतेक ठिकाणी शेवटची टिचकी ज्याची, त्याला पैसे मिळतात. म्हणजे गिऱ्हाईक न आणताही जो शेवटच्या क्षणी स्वतःचं नाव घुसवू शकतो, त्याला फुकटचं उत्पन्न सुरू होतं.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं, ईबे या ऑनलाइन बाजाराचं. शॉन होगन आणि ब्रायन डनिंग हे ईबेचे सर्वांत जास्त कमिशन मिळवणारे दोन ॲफिलिएट. होगनला मिळालेली रक्कम २ कोटी ८० लाख डॉलरच्या घरात होती, डनिंगची ५० लाख डॉलरच्या वर. दोघांनीही इतरांच्या वेबसाइटवर बसणारी छोटी फुकट साधनं वाटली होती. लोक ती आनंदाने लावत. त्या साधनांत लपवलेला कोड, पान उघडणाऱ्या माणसाच्या नकळत, त्याच्या ब्राउझरमध्ये ईबेची कुकी टाकायचा. त्याने ईबेची जाहिरात पाहिलेली नसायची, लिंकवर हात लावलेला नसायचा. पुढे कधी तो आपल्या मनाने ईबेवर गेला आणि काही घेतलं, की कमिशन या दोघांकडे. याला कुकी स्टफिंग म्हणतात. ईबेने २००८ मध्ये दिवाणी दावा लावला, २०१० मध्ये फौजदारी आरोप ठेवले गेले, दोघांनीही गुन्हा कबूल केला, आणि २०१४ मध्ये होगनला ५ महिने, तर डनिंगला १५ महिने तुरुंगवासाची शिक्षा झाली.

या प्रकरणातला एक तपशील मला रकमेपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. ईबेच्या दाव्यात म्हटलं होतं की हा कोड सॅन होजे आणि सँटा बार्बरा इथल्या संगणकांवर चालतच नसे. सॅन होजेला ईबेचं मुख्यालय, सँटा बार्बराला त्यांचं ॲफिलिएट नेटवर्क सांभाळणाऱ्या कंपनीचं. ज्यांचे पैसे जात होते नेमक्या त्यांच्याच शहरांत सगळं स्वच्छ दिसावं, अशी ही व्यवस्था. आपण करतो ते सर्वमान्य आहे असं ज्याला मनापासून वाटतं, त्याला ते पैसे देणाऱ्यापासून लपवावं लागत नाही.

ही युक्ती आपल्याकडेही आहे. नाशिक जिल्ह्यातल्या एका पैठणी विक्रेत्याचं काम माझ्याकडे आलं तेव्हा त्याच्या एका ‘मार्केटिंग पार्टनर’चं कमिशन दर महिन्याला वाढत होतं आणि एकूण विक्री होती तिथेच होती. हा पार्टनर गूगलवर त्या दुकानाच्याच नावावर जाहिरात लावत होता. दुकानाचं नाव टाइप करून शोधणारं गिऱ्हाईक तर आधीच दुकानाचं असतं. ते वरच्या जाहिरातीवरून आत शिरलं की साडी दुकानाची आणि कमिशन पार्टनरचं. जाहिरातीच्या सेटिंगमध्ये नाशिक जिल्हा वगळलेला होता. मालक दुकानात बसून कितीही वेळा शोधून पाहो, त्याला काहीच वावगं दिसायचं नाही, आणि मुंबईत मात्र ती जाहिरात दिवसभर चालू. कुंपणच शेत खात होतं. मालक साधा, कष्टाळू माणूस. विणकरांचे पैसे वेळेवर देण्यासाठी स्वतः ओढाताण सोसणारा. त्याच्या पैशांवर हे चाललेलं पाहून मला फार संताप आला होता, आजही येतो.

म्हणून तुमच्या या होऊ घातलेल्या भागीदाराबद्दल माझं मत सांगतो. कंपनीकडची नोंद जो फिरवतो, तो उद्या तुमच्याकडची नोंदही फिरवू शकतो, कारण हत्यार तेच आणि किल्ल्याही त्याच्याच हातात असतील. तुमच्या लिंकमध्ये एक ट्रॅकिंग आयडी असतो, विक्री कोणाच्या खात्यावर मोजायची ते त्यावरून ठरतं. शंभरातल्या दहा टिचक्यांना तो स्वतःचा आयडी लावू लागला, तर तुमच्या हिशेबात फक्त एवढंच दिसेल की ‘या महिन्यात जरा मंदी आहे’. हे मी दोन भागीदारांत होताना जवळून पाहिलं आहे. दोघे एकाच कॉलेजचे मित्र होते.

उत्पन्न तिप्पट करण्याचा दावा तपासायला एक साधा उपाय आहे: ते काम काही दिवस थांबवून पाहायचं. उबरने २०१७ मध्ये एका जाहिरात एजन्सीवर दावा लावला होता. त्यात म्हटलं होतं की मोबाइलवरच्या जाहिराती बंद केल्यावरही ॲप डाउनलोड करणाऱ्यांची संख्या फारशी घटली नाही. ‘जाहिरातीमुळे आले’ म्हणून दाखवलेले बरेच लोक आपणहून येणारेच होते. खोट्या टिचक्यांचा पाऊस पाडून ठेवायचा, म्हणजे आपणहून आलेल्या माणसाचं श्रेयही आपल्याच खात्यात पडतं, असा तो प्रकार होता. एवढ्या मोठ्या कंपनीला जे थांबवल्यावरच कळलं, ते तुम्हाला अहवालातल्या आलेखांवरून कळेल अशी अपेक्षा ठेवू नका. कोणी ‘मध्येच थांबवलं तर सगळं विस्कटेल’ म्हणून अडवू लागला, तर मी त्याच्यापासून दोन हात लांब राहीन.

आता ‘त्याने केलं, मला माहीत नव्हतं’ या बचावाबद्दल. २०११ च्या फेब्रुवारीत जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीची साइट गूगलच्या निकालांत वर यावी म्हणून शेकडो असंबद्ध साइट्सवर हजारो लिंका लावल्याचं न्यूयॉर्क टाइम्सने उघड केलं. कंपनी म्हणाली, आम्हाला कल्पना नव्हती, आणि सल्लागार एजन्सीला काढून टाकलं. गूगलने खाली ढकललं ते कंपनीच्या साइटला. प्रवासी बॅगांच्या एका शोधात ती संध्याकाळी पहिल्या क्रमांकावर होती आणि दोन तासांनी ७१ व्या. एजन्सीला दुसरे ग्राहक मिळतात. तुमचं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, एकच असतं, आणि त्यावर वर्षानुवर्षं लिहिलेले लेख तुमचे असतात.

कायदाही याच बाजूने झुकतो. साधी भागीदारी संस्था काढलीत तर भारतीय भागीदारी कायदा, १९३२ लागू होतो. त्याच्या कलम २५ प्रमाणे संस्थेच्या कृत्यांना प्रत्येक भागीदार इतरांबरोबर आणि एकटाही जबाबदार असतो. कलम २६ म्हणतं, धंद्याच्या ओघात एका भागीदाराने केलेल्या गैरकृत्याची जबाबदारी संस्थेवर येते. दोन्ही एकत्र वाचा. त्याने रात्री बसून केलेल्या उद्योगाची वसुली तुमच्या घरापर्यंत येऊ शकते. २००८ च्या एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) कायद्यात कलम २८ मुळे दुसऱ्या भागीदाराच्या गैरकृत्याची वैयक्तिक जबाबदारी तुमच्यावर येत नाही, पण फसवणुकीत तुमचाही हात असेल तर ते संरक्षण उरत नाही. सीएकडे जाल तेव्हा हा फरक नीट समजून घ्या. नुसता ‘कर किती वाचेल’ एवढाच प्रश्न विचारून परत येऊ नका.

तुम्ही लिहिलंय की तो ‘रिव्ह्यूचं पॅकेज’ही आणणार आहे. याबद्दल मला जास्त कळकळीने सांगायचं आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायला मनाई आहे. २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानकही आणलं; ते ऐच्छिक आहे, पण रिव्ह्यू कसे गोळा करावेत आणि कसे तपासावेत ते त्यात आहे. तुमची साइट कोणता मिक्सर घ्यावा हे लोकांना सांगते. कोणी तरी पगारातून बाजूला काढलेले चार-पाच हजार रुपये तुमच्या शब्दावर खर्च करतो. तिथे विकत घेतलेले पाच तारे लावायचे म्हणजे त्या माणसाचा खिसा कापायचा.

आणि हे रिव्ह्यू लिहितं कोण? टेलिग्रामवरच्या गटांत वस्तू मागवा, पाच तारे द्या, पैसे परत घ्या, असा व्यवहार चालतो. त्यात विद्यार्थी असतात, घरी बसून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या गृहिणी असतात. ‘रिव्ह्यू दिला की पैसे मिळतात’ हे एकदा अंगवळणी पडलं की पुढची पायरी ‘टास्क’ फसवणुकीची. आधी शंभर-दीडशे रुपये खरंच देतात, मग ‘प्रीपेड टास्क’च्या नावाखाली हजारो भरून घेतात आणि गायब होतात. माझ्या ओळखीतल्या एका शिक्षिकेची वर्षभराची बचत अशी गेली. अशा वेळी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा असतो, पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. लाजेपोटी लोक तो वेळ घालवतात. ज्या बाजारातून ही माणसं फसतात, त्या बाजाराला आपल्या धंद्यातून एक रुपयाही जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

सगळं काळं-पांढरं आहे असं मी म्हणत नाही. पैसे घेऊन लिहिलेला लेख ‘प्रायोजित’ असं स्पष्ट लिहून छापला तर माझी हरकत नाही. कूपनची पानं उपयोगी असतात, पण खरेदी करायला निघालेल्या माणसाला शेवटच्या पायरीवर अडवून स्वतःची कुकी बसवणारी कूपन साधनं मला पटत नाहीत. अशा मधल्या गोष्टींत मी एकच प्रश्न विचारतो: ज्याच्या खिशातून पैसे येतात, त्याला ही पद्धत जशीच्या तशी सांगितली तर तो पैसे देत राहील का? तुमच्या बाबतीत पैसे देणारी कंपनी आहे, तेव्हा तिच्या अटींची प्रत उघडा आणि भागीदाराची प्रत्येक पद्धत तिच्याशी ताडून पाहा. अटी मोडल्याचं आढळलं तर खातं बंद होतं आणि साठलेलं कमिशनही अडकतं.

बोलणी पुढे न्यायचीच असतील तर डोमेन आजच तपासा. ते तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर आहे ना? रत्नागिरीच्या एका आंबा बागायतदाराचं डोमेन साइट बनवणाऱ्याने स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं, आणि ऐन मार्चमध्ये, हापूसच्या ऑर्डर सुरू व्हायच्या तोंडावर, नूतनीकरणासाठी भलतीच रक्कम मागितली. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच रेडिफच्या खटल्यात डोमेनला व्यापारी नावासारखं संरक्षण दिलं आहे, ‘.इन’ डोमेनच्या तंट्यांसाठी वेगळी लवाद व्यवस्थाही आहे. पण आंब्याचा हंगाम निकालाची वाट पाहत नाही. जाहिरात खातं, सर्च कन्सोल (साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं खातं), ॲफिलिएट खातं, ज्या बँक खात्यात कमिशन जमा होतं ते खातं, सगळ्यांची मालकी तुमच्याकडे ठेवा. त्याला कामापुरता प्रवेश द्या, मुख्य पासवर्ड नको.

मेहुण्यांच्या ओळखीमुळे सरळ नाही म्हणणं अवघड जातंय, हे तुमच्या प्रश्नात जाणवतं. मी तुमच्या जागी असतो तर निम्मी भागीदारी बाजूला ठेवून त्याला तीन महिन्यांचं ठरलेलं काम ठरलेल्या पैशांत दिलं असतं आणि साध्या मराठीत एक पान लिहून घेतलं असतं: वाचक कुठून आणणार, कोणती साधनं वापरणार, कोणाला पैसे देणार. काम चोख करणारा माणूस हे अर्ध्या तासात लिहून देतो. तो लिहून देतो की नाही ते मेहुण्यांसमोरच विचारा, म्हणजे तुम्हाला वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही. लिहून दिलंच, तर नावं काढून ते पान इथे टाका. त्यातल्या कोणत्या पद्धती अटींत बसतात आणि कोणत्या नाहीत, ते मी एकेक करून सांगतो.